जुन्या खिडक्या बदलताय? आधी पश्चिमेची बघा

एप्रिलात दुपारी चारनंतर बेळगावातल्या आमच्या शहापूरच्या घरातल्या माडीवरच्या मागच्या खोलीत कुणी बसत नसे. खिडकीच्या गजांना हात लावला तर चटका बसायचा. त्याच खिडकीखाली आषाढात जुन्या चादरी पसरून ठेवाव्या लागायच्या, कारण झडपा कितीही दाबून लावल्या तरी पाणी आत यायचंच. आणि पौषात पहाटे तिथूनच असा गार वारा शिरायचा की आई फटीत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबायची. एकाच खिडकीची तीन दुखणी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या बहुतेक घरांत हेच चित्र दिसतं, म्हणून पहिल्यांदाच खिडक्या बदलायला निघालेल्यांसाठी हे सविस्तर लिहितोय.

दुकानात गेलात की पहिल्यांदा 'डबल काच घ्या, घर गार राहील' असं सांगतात. डबल काच चांगलीच असते, पण तिचा खरा उपयोग जिथे बाहेर बर्फ आणि आत शेगडी असते तिथे. आपल्याकडे काय होतं ते साध्या हिशेबाने बघू. चार बाय चार फुटांच्या खिडकीत चौकट वजा जाता काच साधारण १.२ चौरस मीटर भरते. एप्रिलच्या दुपारी पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर दर चौरस मीटरला ६०० वॅटच्या आसपास ऊन पडतं. साधी काच त्यातलं ८० टक्के आत सोडते. म्हणजे एका खिडकीतून ५०० वॅटच्या वर उष्णता, खोलीत छोटा हीटर लावून ठेवल्यासारखी. आता बाहेरची हवा आतल्यापेक्षा पाच अंशांनी गरम असली, तर नुसत्या काचेच्या जाडीतून झिरपणारी उष्णता ३५ वॅटच्या आसपास असते. डबल काच ती निम्म्यावर आणते. वाचले सतरा-अठरा वॅट! साध्या डबल काचेतून उन्हाचा ७० टक्के भाग तरीही आत येतोच.

तेव्हा आपल्या भागात खिडकीचं काम तीन शब्दांत सांगता येतं: पश्चिमेचं ऊन, पश्चिमेचा पाऊस, आणि संध्याकाळचा वारा. पहिले दोन अडवायचे आणि तिसरा आत घ्यायचा. पैसे या क्रमाने घाला.

आधी आठवडाभर नुसतं बघा

कंपास किंवा मोबाइल घेऊन घरातल्या प्रत्येक खिडकीची दिशा वहीत लिहा. कुठल्या खिडकीत किती वाजता ऊन येतं, किती वाजता जातं, तेही टिपा. बेळगाव जवळपास १५.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य दुपारी अगदी डोक्यावर असतो. भर उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीत ऊन जवळजवळ येतच नाही. दक्षिणेची खिडकी तापते ती थंडीत, आणि तेव्हा ते ऊन हवंहवंसंच असतं. पूर्वेचं ऊन सकाळी, हवा गार असताना येतं. राहिली पश्चिम. दिवसभर तापलेल्या भिंतीवर वरून तिरपं ऊन, आणि नैऋत्येचा पाऊसही त्याच बाजूने झोडपणारा.

मग संध्याकाळी वारा सुटला की घराची दारं-खिडक्या लावून घ्या, पंखे बंद करा आणि पेटती उदबत्ती झडपेच्या कडेकडेने हळू फिरवा. धूर जिथे थरथरतो किंवा आत वळतो तिथे खडूने खूण करा. झडपेत कागदाची पट्टी धरून खिडकी लावा आणि पट्टी ओढा. सहज निसटली तर तिथे फट आहे. फटीला कमी लेखू नका. चार बाय चारच्या खिडकीला सगळ्या बाजूंनी दोन-दोन मिलिमीटर फट असेल, तर ती सगळी मिळून भिंतीला दहा सेंटिमीटर लांब-रुंद भोक पाडल्यासारखं होतं.

शेवटची तपासणी स्क्रू ड्रायव्हरची. चौकटीचं खालचं आडवं लाकूड, विशेषतः दोन्ही कोपऱ्यांत, टोचून बघा. टोक कणीदार लाकडावर अडलं तर चौकट जिवंत आहे. बोटभर आत गेलं, आतून भुसा किंवा मातीचे बोगदे निघाले, तर वाळवीने काम केलेलं आहे.

बदलायची की दुरुस्त करायची

इथे घाई करू नका. खानापूरच्या जंगलपट्टीतल्या सागवानाच्या किंवा मत्तीच्या (ऐनाच्या) जुन्या चौकटी आज त्या दर्जाच्या मिळत नाहीत. लाकडातून उष्णता फार हळू जाते, अ‍ॅल्युमिनियम तिला हजारपटीहून जास्त वेगाने वाहून नेतं. चांगली लाकडी चौकट काढून तिथे हलकी अ‍ॅल्युमिनियम सेक्शन बसवणं म्हणजे पैसे देऊन मागे जाणं. आमच्याकडे आलेल्या वडगावच्या म्हाताऱ्या सुतारांनी आईला स्पष्ट सांगितलं, "काकू, चौकटीला हात लावू नका. झडपं तेवढी दुरुस्त करूया." सातपैकी चार खिडक्या आम्ही तशाच ठेवल्या. झडपा घासून घेतल्या, बिजागऱ्या बदलल्या, फुटकी तावदानं काढून नवी बसवली आणि झडप चौकटीला जिथे टेकते तिथे रबरी पट्टी लावली. वारा थांबला, आणि खर्च नव्या खिडकीच्या पासंगालाही पुरला नाही.

घासताना एक काळजी घ्या. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी असते, कारण घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमवर (दहा लाखांत ९० भाग) आणणारा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. कोरडं घासून धूळ उडवू नका. पाणी मारून ओलं घासा, तोंडाला मास्क बांधा, लहान मुलांना आणि पोटुशी बाईला त्या खोलीपासून लांब ठेवा. सांडलेला चुरा ओल्या फडक्याने उचला.

चौकट कुजली असेल, पिळवटली असेल, किंवा पाऊस सरळ तिच्यावरच कोसळत असेल तर मात्र बदला.

ऊन बाहेरच अडवा

नवी खिडकी घ्यायच्या आधी हे करा, कारण यानंतर कदाचित काचेवरचा खर्च अर्ध्यावर येईल. आतला पडदा उशिरा काम करतो. ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं, पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. बाहेर अडवलेलं ऊन बाहेरच राहतं.

छज्जा असताना आणखी कशाला, असं मलाही वाटायचं. म्हणून टेप घेऊन मोजलं. खिडकीच्या लगेच वर दोन फुटांचा छज्जा असेल तर एप्रिलात साडेचार वाजता पश्चिमेच्या खिडकीवर त्याची सावली जेमतेम सव्वा फूट उतरते. साडेपाचला ती आठ इंचांवर येते. चार फुटांच्या खिडकीतला बाकी सगळा भाग उन्हातच. पश्चिमेला आडवा छज्जा पुरत नाही, तिथे उभा आडोसा लागतो. बुरुडाकडून बांबूची चिक करून घ्या आणि खिडकीच्या बाहेर, भिंतीपासून वीतभर सोडून टांगा, म्हणजे मधून हवा फिरते. उन्हाळ्यात वाळ्याचा पडदा असेल तर उत्तमच. अंगण असेल तर तारेवर दोडका चढवा. तो वेल मार्गशीर्षात वाळतो, नेमकं ऊन हवं असतं तेव्हा. लाकडी फळ्यांच्या झडपा पूर्वी याच कामासाठी असायच्या, दुपारी त्या लावून घेणाऱ्या आजीला कुठलं गणित शिकवावं लागलं नव्हतं.

सरकती की बिजागरीची?

दिसायला सुटसुटीत म्हणून सरकती खिडकी सगळे घेतात. मीही घेतली होती, माडीवरच्या दोन खोल्यांना. पहिल्याच आषाढात दोन्ही खोल्यांत पाणी. खालच्या ट्रॅकला पाणी बाहेर जाण्यासाठी जी भोकं पाडायची असतात ती कारागिराने पाडलीच नव्हती. पन्हळ भरावी तसा ट्रॅक भरून पाणी आतल्या कठड्यावरून गादीवर उतरलं. ड्रिलने भोकं पाडल्यावर बरंच थांबलं, पण वाऱ्याबरोबरचा पाऊस ब्रशच्या पट्टीतून थोडा येतच राहिला. सरकत्या पल्ल्याला सरकायचं असतं, म्हणून तो कधीच पूर्ण घट्ट बसत नाही. बिजागरीची झडप रबरावर चारी बाजूंनी दाबून बसते.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. बिजागरीची खिडकी जवळपास ९० टक्के उघडते, दोन पल्ल्यांची सरकती निम्मीच, तीन पल्ल्यांची दोन तृतीयांश. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये घरांसाठी इको निवास संहिता आणली. त्यात घराच्या चटईक्षेत्राच्या मानाने किती भाग उघडता आला पाहिजे ते दिलं आहे: उष्ण-दमट हवामानात १६.६६ टक्के, समशीतोष्ण हवामानात १२.५ टक्के. म्हणजे ६०० चौरस फुटांच्या घरात खिडक्या आणि बाहेरची दारं मिळून ७५ ते १०० चौरस फूट उघडायला हवेत. जुन्या सोळा चौरस फुटांच्या झडपांच्या खिडकीच्या जागी सरकती लावलीत की जवळपास साडेसहा चौरस फूट वारा तुम्ही कायमचा गमावता. बेळगावची संध्याकाळ म्हणजे आपली फुकटची मिळकत. सातनंतर खिडक्या सताड उघडून रात्रभर घर गार करायचं आणि सकाळी नऊ-दहाला बंद करून तो गारवा आत धरून ठेवायचा, यापेक्षा स्वस्त एसी कुठला नाही.

म्हणून माझं मत ठाम आहे: पश्चिम आणि नैऋत्येला बिजागरीचीच. गच्चीकडचं दार किंवा पावसाच्या आडोशाची पूर्वेची खिडकी सरकती चालेल. एक अडचण आधीच सोडवा. झडप बाहेर उघडणार असेल तर ग्रिल आणि डासांची जाळी दोन्ही आत येतात, मग कडी काढायला हात कुठून जाणार? जाळीला वेगळी बिजागरी किंवा सरकती चौकट सांगा, आणि ग्रिलमध्ये हात जाईल एवढी जागा ठेवायला सांगा.

चौकट कशाची घ्यायची, हे गावावर ठरवा. जांबोटी, कणकुंबी, लोंढा या पावसाच्या पट्ट्यात यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) चांगलं, कुजत नाही आणि गंजत नाही. मात्र आत गॅल्वनाइज्ड लोखंडी पट्टी आहे ना ते कापलेल्या तुकड्यात डोळ्यांनी बघा, नुसत्या शब्दावर जाऊ नका. अथणी-चिकोडीच्या कोरड्या उन्हाच्या बाजूला पांढराच रंग घ्या, गडद यूपीव्हीसी जास्त तापतं. अ‍ॅल्युमिनियम घ्यायचंच असेल तर पश्चिमेची खिडकी सावलीत आणल्यावर घ्या.

काचेचं म्हणाल तर सावली केलेल्या खिडकीला पाच-सहा मिलिमीटरची साधी काच पुरते. सावली करणं शक्यच नसेल, समोर रस्ता असेल आणि त्या खोलीत एसी असेल, तर उष्णता परतवणारा लेप असलेली डबल काच घ्या. हमरस्त्यालगत ट्रकच्या आवाजाचा त्रास असेल तरी डबल काचेचा खर्च सार्थकी लागतो. जमिनीलगतच्या किंवा माडीवरच्या मोठ्या काचा टफन्ड (भट्टीत तापवून मजबूत केलेल्या) घ्या आणि कोपऱ्यात आयएस २५५३ चा शिक्का बघून घ्या.

विजेच्या बिलाबद्दल खरं सांगायचं तर घरात एसी नसेल तर नव्या खिडकीने हेस्कॉमचं बिल फारसं उतरत नाही. फायदा होतो तो एसी घ्यावाच न लागण्यात. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक ते दीड युनिट खातो. रोज सहा तास चालवलात तर महिन्याला एकट्या एसीचेच १८० ते २७० युनिट. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेतली मोफत विजेची सवलत २०० युनिटांपर्यंतच आहे आणि त्यापुढे गेलं की सगळंच बिल भरावं लागतं. ज्या घरात मागची खोली राहण्याजोगी झाली, त्या घराची ही रेषा ओलांडायची वेळ टळते.

माप आणि कोटेशन

गवंड्याच्या भाषेत तीन गोष्टी बघायच्या: ओळंबा (बाजू सरळ उभ्या आहेत का), पाणसळ (तळ सपाट आहे का) आणि गुण्या (कोपरे काटकोनात आहेत का). खिडकीच्या भोकाची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा, उंचीही तीन ठिकाणी. सगळ्यांत लहान माप धरा. मग दोन्ही कर्ण मोजा. त्यांत फरक असेल तर भोक गुण्यात नाही. चिऱ्याच्या आणि दगड-मातीच्या भिंतींत तर एक-दीड इंचाचा फरक हमखास निघतो. फॅब्रिकेटर मिलिमीटरमध्ये लिहितो, तेव्हा तुम्हीही मिलिमीटरमध्येच लिहा आणि कागदावर दोघांनी सही करा. टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही. माप चुकलं की काच वाया.

माप तयार भिंतीचं घ्या. गिलावा व्हायचा असेल तर तो आधी होऊ द्या.

दर चौरस फुटाचा असतो, पण दोन दर शेजारी ठेवून तुलना करण्याआधी एकेक विचारून घ्या: यात काच धरली का, किती मिलिमीटरची? जाळी, कडी-बिजागरी, फोम-सिलिकॉन, जुनी चौकट काढणं, गिलाव्याची डागडुजी, वाहतूक, जीएसटी? बेळगावच्या उद्यमबागेत फॅब्रिकेशनची कामं होतात, तिथे स्वतः जाऊन चालू काम बघा. आगाऊ रक्कम निम्म्याच्या वर देऊ नका आणि शेवटचा हिस्सा पाण्याची चाचणी झाल्यावरच द्या. माप घ्यायला येणारी पोरं कानडी बोलणारी असतील तर चार शब्द कामाला येतात: किटकी म्हणजे खिडकी, गाजू म्हणजे काच, अळते म्हणजे माप, आणि सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य, 'नीर ओळग बरबारदु', पाणी आत येता कामा नये.

कामाचा हंगाम दिवाळीनंतर ते मार्चअखेर. एप्रिलच्या शेवटी वळीव गाठतो, आणि गणपतीच्या तोंडावर सगळ्यांचीच रंगकामं निघतात, तेव्हा कारागीर मिळत नाही.

बसवण्याचा दिवस

जुन्या घरात सगळ्यांत आधी खिडकीच्या वर काय आहे ते बघा. सिमेंटची लिंटल (आडवी तुळई) असेल तर चिंता नाही. दगड-मातीच्या भिंतीत वरचा भार कधी लाकडी फळीवर, तर कधी थेट चौकटीवरच टेकलेला असतो. तशा वेळी टेकू दिल्याशिवाय चौकट हलवू देऊ नका. शंका असेल तर अनुभवी गवंडी बोलवा, त्या दिवसाची मजुरी द्या.

चौकट घण घालून उपटायची नाही. खालचं लाकूड मधोमध करवतीने कापायचं आणि दोन्ही तुकडे आत ओढायचे, म्हणजे भिंतीत रुतलेले होल्डफास्ट (चौकट धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) कोपऱ्यातल्या चिऱ्याला घेऊन येत नाहीत. निघालेलं सागवान जळणात घालू नका, त्यात पाट, स्टूल, देव्हारा सहज होतो.

खिडकीखालचा कठडा हा सगळ्या कामाचा गाभा. कडाप्पा किंवा ग्रॅनाइटची फरशी बाहेरच्या बाजूला उतार देऊन बसवा, ती भिंतीच्या बाहेर दोन इंच यायला हवी, आणि त्या बाहेर आलेल्या भागाच्या खाली कडेजवळ बारीक खाच मारून घ्या. पाणी खाचेपर्यंत येतं आणि तिथून टपकतं, भिंतीवरून मागे ओघळत नाही. आमच्या पहिल्या कामात फरशी आत उतरती बसली होती. बोटभर उताराची चूक, पण भिंतीचा रंग दोन पावसांत फुगला.

नवी चौकट भिंतीला चिकटून बसवू देऊ नका. यूपीव्हीसी उन्हात फुगतं, म्हणून चारी बाजूंनी पाच-सहा मिलिमीटर जागा सोडायची. कोपऱ्यापासून सहा इंचांवर पहिला बोल्ट आणि पुढे दर दोन फुटांच्या आत एक. मधल्या फटीत फोम, तो सुकल्यावर कापून बाहेरून सिलिकॉनची सलग रेघ. फट सिमेंटने लिंपून टाकायचा आग्रह कारागीर धरतात, कारण ते पटकन होतं. नाही म्हणा. सिमेंट तडकतं आणि त्या केसाएवढ्या तडीतून पाणी शिरतं. अ‍ॅल्युमिनियमवर ओलं सिमेंट पडलं तर डाग कायमचा राहतो, म्हणून आधी टेप लावून घ्या.

कारागीर जायच्या आधी पाइपने पाणी मारा. सुरुवात खालून करा. आधी कठडा, पाच मिनिटं. मग खालची कड, बाजू, शेवटी वरची कड. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकं कुठून आत आलं ते कळत नाही. आतल्या बाजूला घरातलं कुणीतरी कोरडा कागद कठड्यावर ठेवून उभं राहू दे.

पुढची देखभाल वर्षातून एकदा, मृग लागायच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात. ट्रॅकमधली माती काढा, पाणी जाण्याची भोकं केरसुणीच्या हिराने मोकळी करा, सिलिकॉनची रेघ कुठे सुटली असेल तर तेवढी कापून नवी भरा, बिजागऱ्यांना तेलाचा थेंब द्या. बाहेरची चिक मात्र तेव्हा उतरवून, गुंडाळून माळ्यावर ठेवा. ओली राहिली तर एका पावसातच काळी पडते.